चंद्रावर राहिलेला कॅमेरा : व्हिक्टर हॅसलब्लाड

१९६९ सालच्या जुलै महिन्यात मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले. त्या दिवशी रेडिओला कान लावून बसलेल्या पिढीतील अनेक माजी विद्यार्थी हा अंक आज आपल्या नातवंडांसह चाळत असतील. पुढे वृत्तपत्रांतून ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली. करड्या मातीत उभा असलेला अंतराळवीर, त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत उमटलेले चांद्रयान आणि माथ्यावर काळेभोर आकाश. ही छायाचित्रे नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांनी टिपली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ज्या कॅमेऱ्याने ती टिपली, तो घडवणाऱ्या माणसाचे नाव फार थोड्यांना आठवते. ते होते स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदराच्या शहरातील व्हिक्टर हॅसलब्लाड. अवकाशात पाठवण्यासाठी म्हणून त्यांनी कॅमेरा घडवला नव्हता. त्यांना मुळात पक्ष्यांची छायाचित्रे काढायची होती.

व्हिक्टर यांचा जन्म ८ मार्च १९०६ रोजी गोथेनबर्ग येथे झाला. घराणे व्यापाऱ्यांचे. पणजोबांनी १८४१ साली स्थापन केलेली पेढी परदेशी मालाच्या आयातीत नावारूपाला आली होती. पुढच्या पिढीतील आर्विद व्हिक्टर हॅसलब्लाड यांना छायाचित्रणाचा छंद होता. त्यांची अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमन यांच्याशी ओळख झाली आणि १८८८ पासून ईस्टमन यांच्या मालाची स्वीडनमधील विक्री हॅसलब्लाड पेढीकडे आली. या धंद्यातून फारसा पैसा मिळणार नाही, निदान स्वतःची छायाचित्रे तरी फुकट काढता येतील, असा आर्विद यांचा हिशेब होता, असे सांगतात. तो हिशेब साफ चुकला. कोडॅकच्या कॅमेऱ्यांनी आणि फिल्मने पेढीला इतके यश दिले, की १९०८ मध्ये छायाचित्रणाच्या व्यापारासाठी स्वतंत्र कंपनी काढावी लागली.

अशा घरात वाढलेल्या मुलाचे आयुष्य जणू आधीच आखलेले होते. अठराव्या वर्षी, १९२४ साली, वडील कार्ल एरिक यांनी त्याला जर्मनीतील ड्रेस्डेन येथे धाडले. त्या काळी ते कॅमेरानिर्मितीचे मोठे केंद्र होते. तेथून फ्रान्स आणि मग अमेरिकेतील रोचेस्टर असा प्रवास झाला. कारखान्यात हात काळे करीत, दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत आणि फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत उभे राहून व्हिक्टर यांनी या धंद्याची सर्व अंगे जवळून पाहिली. रोचेस्टरमध्ये खुद्द ईस्टमन यांचाही सहवास त्यांना लाभला.

या शिक्षणाच्या जोडीला एक छंद होता आणि तो कोणी शिकवलेला नव्हता. तो छंद म्हणजे पक्षीनिरीक्षण. गोथेनबर्गजवळच्या किनाऱ्यावर तासन्‌तास दबा धरून बसायचे, स्थलांतर करणाऱ्या थव्यांच्या वाटा टिपून ठेवायच्या आणि जमेल तशी त्यांची छायाचित्रे काढायची. १९३५ साली त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या मार्गांवर सचित्र पुस्तकही प्रसिद्ध केले. मात्र पक्षी छायाचित्रकारासाठी थांबत नाही. तेव्हाचे मोठे कॅमेरे हातात धरून धावपळ करण्याजोगे नव्हते आणि छोट्या कॅमेऱ्यांची फिल्म लहान असल्याने तिच्यावर पिसांचा तपशील पुरेसा उतरत नसे. हातात मावेल, भिंग बदलता येईल, भिंगातून दिसते तेच छायाचित्रात उमटेल आणि तरीही चित्र मोठे व स्वच्छ येईल, असा कॅमेरा त्यांना हवा होता. बाजारात तो नव्हता.

परदेशातून परतल्यावर व्हिक्टर यांनी घरच्या कंपनीत काम केले, परंतु वडिलांशी त्यांचे पटेना. मतभेद इतके विकोपाला गेले, की १९३७ साली त्यांनी कंपनी सोडली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी मागे टाकून त्यांनी त्याच शहरात ‘व्हिक्टर फोटो’ नावाचे दुकान आणि छायाचित्रे धुण्याची प्रयोगशाळा थाटली. वडिलांनी ज्या कामासाठी तयार केले, तेच काम मुलाने वडिलांपासून दूर होऊन केले. घरोघरी घडणारी ही गोष्ट आहे आणि ती कोणाच्याही घरात सोपी नसते.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता, तरी चहूबाजूंनी युद्धाने वेढलेला होता. १९४० साली स्वीडनच्या हवाई दलाच्या हाती एक जर्मन हवाई कॅमेरा लागला. तसाच कॅमेरा बनवता येईल का, अशी विचारणा व्हिक्टर यांच्याकडे झाली. तसा बनवता येणार नाही, मात्र त्याहून चांगला नक्की बनवता येईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. उत्तर धिटाईचे होते, कारण त्यांच्यापाशी कारखाना नव्हता. एका मोटारदुरुस्तीच्या आवारात जागा मिळवून, तिथल्याच एका कुशल यंत्रकारागिराला हाताशी धरून, संध्याकाळी कामाला बसून त्यांनी पहिला कॅमेरा सिद्ध केला. पुढील काही वर्षांत हवाई दलाला असे शेकडो कॅमेरे मिळाले. १९४२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि जी कंपनी सोडून ते बाहेर पडले होते, तिची सूत्रे त्यांच्याच हाती आली.

युद्ध संपले, तेव्हा त्यांच्यापाशी सूक्ष्म काम करणारे कारागीर होते आणि मनात तो जुना, पक्ष्यांसाठी हवा असलेला कॅमेरा होता. कारागिरांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून कारखान्यात काही काळ घड्याळाची यंत्रेही बनली. मध्यंतरी लाकडी नमुन्यांवर नव्या कॅमेऱ्याचा आकार ठरत होता. साब मोटारीला देखणे रूप देणारे सिक्स्टेन सासोन यांनी त्याचे बाह्यरूप रेखाटले. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘हॅसलब्लाड १६०० एफ’ जगापुढे आला. त्याचा मुख्य भाग म्हणजे आरसा बसवलेली एक छोटी पेटी. पुढे भिंग, मागे फिल्मची डबी, वर चित्र पाहण्याची काच. यांतला प्रत्येक भाग सुटा करून बदलता येई. निम्मी फिल्म वापरली असतानाही डबी काढून दुसरी लावता येत होती, एकही चित्र वाया जात नव्हते.

या विजयानंतर एक कसोटीचा काळ आला. एका सेकंदाच्या सोळाशेव्या भागात उघडमीट करणारा शटर हे या कॅमेऱ्याचे भूषण होते. त्यावरूनच त्याला नाव मिळाले होते. मात्र तोच शटर फार नाजूक निघाला आणि वारंवार बिघडू लागला. व्हिक्टर यांनी दोष झाकला नाही. पुढचा कॅमेरा आला तो ‘१००० एफ’, वेग कमी पण यंत्र अधिक भरवशाचे. आणि १९५७ साली आला ‘५०० सी’. यात शटर कॅमेऱ्याच्या पेटीतून काढून प्रत्येक भिंगातच बसवला होता. त्यामुळे कोणत्याही वेगाला फ्लॅशचा उपयोग करता येऊ लागला. भिंगे झाइस या जर्मन कंपनीची होती. १६००, १००० आणि ५०० अशी नावातली संख्या उतरत गेली आणि यंत्रावरचा विश्वास चढत गेला. मोठ्या आकड्याचा मोह सोडणे कोणत्याही उत्पादकाला जड जाते. हॅसलब्लाड यांनी तो सोडला आणि त्याच निर्णयाने त्यांचा कॅमेरा अजरामर झाला. ‘५०० सी’ची मूळ रचना थोड्याफार बदलांनी पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ तयार होत राहिली.

१९६२ साली वॉल्टर शिरा या अमेरिकी अंतराळवीराने ह्यूस्टनमधील एका दुकानातून ‘५०० सी’ विकत घेतला आणि थोडे फेरफार करून तो आपल्या यानात नेला. तेथून नासा आणि गोथेनबर्ग यांचे नाते जडले. १९६८च्या डिसेंबरमध्ये चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी निळी पृथ्वी बिल अँडर्स यांनी टिपली, तीही हॅसलब्लाडनेच. चंद्रावरून परतताना वजन कमी करण्यासाठी कॅमेरे तिथेच सोडून फक्त फिल्मच्या डब्या परत आणल्या जात. असे बारा कॅमेरे आजही चंद्राच्या धुळीत पडून आहेत.

त्या कॅमेऱ्याची फिल्म आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडील घरगुती ‘आगफा क्लिक थ्री’मध्ये जी १२० क्रमांकाची फिल्म भरत, तीच हॅसलब्लाडमध्येही भरत. तीच चौकोनी चौकट आणि एका रिळात तीच बारा चित्रे. यंत्रांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. बाराच चित्रे हाताशी असली की माणूस बटण दाबण्यापूर्वी थांबतो, प्रकाश पाहतो, विचार करतो. कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून काचेवरचे उजवे-डावे उलटलेले चित्र पाहावे लागते, तेव्हा घाई आपोआप गळून पडते. डिजिटल युगातही अनेक छायाचित्रकार जुना हॅसलब्लाड जपून वापरतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण त्याच्या सुट्या रचनेत आहे. भाग बदलता येत असल्यामुळे फिल्मच्या डबीच्या जागी डिजिटल डबी बसवून साठ वर्षांपूर्वीचा कॅमेराही आज चालवता येतो.

१९७६ साली व्हिक्टर यांनी कंपनी विकली आणि ५ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना व त्यांच्या पत्नी एर्ना यांना अपत्य नव्हते. त्यांच्या इच्छापत्रानुसार संपत्तीतून प्रतिष्ठान उभे राहिले. ते विज्ञानाच्या अध्ययनाला व छायाचित्रणाला साहाय्य करते आणि १९८० पासून छायाचित्रणातील एक सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार देते. २०२२ साली तो दयानिता सिंग या भारतीय छायाचित्रकर्तीला मिळाला.

या जीवनकथेत पालकांनी विचार करावा असे एक स्थळ आहे. पक्ष्यांमागे हिंडणारा मुलगा धंद्याच्या दृष्टीने वेळ वाया घालवत होता. पण चांगला कॅमेरा कसा असावा, हे त्याला ड्रेस्डेनच्या कारखान्याने जेवढे शिकवले, तेवढेच किनाऱ्यावरच्या त्या थव्यांनीही शिकवले. आपल्या घरातील मूल अभ्यासाचे पुस्तक मिटून खिडकीतून पाखरे न्याहाळत असेल, तर त्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.