पक्षिमित्र डॉ. सलीम अली

पावसाळा सुरू झाला, की चकलांब्याच्या शिवारात एक गंमत पाहायला मिळते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना गवताची घरटी लोंबू लागतात. पिवळ्या डोक्याचा एक लहानसा पक्षी हिरव्या पात्याची लांब चिंधी चोचीत धरून येतो, उलटा लटकतो आणि विणकरासारखा टाके घालत बसतो. हा सुगरण पक्षी. उर्दूत त्याला बया म्हणतात.

गुराखी आणि शेतकरी ही घरटी दर वर्षी पाहतात आणि आपल्या कामाला जातात. पण त्या घरट्यांसमोर महिनोन्महिने बसून, कोणता पक्षी केव्हा आला, त्याने काय केले, हे वहीत टिपून ठेवणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे पूर्ण नाव सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली. जग त्यांना डॉ. सलीम अली म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घरात पुष्कळ भावंडे होती. सलीम एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या मुलांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीच्या घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

मामा स्वतः शिकारी होते. त्या काळी शिकार हा मर्दानी छंद समजला जाई. छोट्या सलीमलाही छऱ्याची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे, असे त्याच्या मनात होते. एके दिवशी त्याने मारलेली एक चिमणी त्याला वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

मुलगा भीत भीत तेथे गेला. एवढा मोठा इंग्रज साहेब आपल्याशी काय बोलणार, असे त्याला वाटत होते. पण मिलार्ड यांनी त्याला प्रेमाने जवळ घेतले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, हे सांगितले. मग एकेक कपाट आणि खण उघडून त्यांनी संस्थेतले पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी कशी सोलावी आणि टिकवावी, हेही पुढे शिकवले. त्या दिवसापासून सलीमला नुसते नेम धरण्यात समाधान वाटेना. समोरचा पक्षी कोण आहे, हे जाणून घ्यायची ओढ लागली. पुढे म्हातारपणी, १९८५ साली, त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. त्याच्या इंग्रजी नावातही ही चिमणी आहे.

शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. गणित त्यांना मुळीच आवडत नसे. डोकेदुखीने ते हैराण होत. हवापालटासाठी त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात गेले. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे मन रमले. व्यापारात त्यांना यश आले नाही, हे सांगायला नकोच. परत आल्यावर त्यांनी हिशेब आणि कायद्याबरोबर प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१८ साली त्यांचा तहमीना यांच्याशी विवाह झाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, पाहुण्यांना प्राण्यांची माहिती सांगण्याची नोकरी त्यांना मिळाली. पण आपले ज्ञान अपुरे आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणून ते जर्मनीत बर्लिनला गेले आणि प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली ते मोठ्या उमेदीने परतले. पाहतात तर काय, पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच बंद झाली होती! विलायतेहून शिकून आलेला माणूस बेकार झाला.

पतिपत्नींनी मुंबई सोडली आणि अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींना दुसरे काम नव्हतेच. ते आडोसा करून घरट्यांसमोर बसू लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहायचे आणि लिहायचे.

लोक समजत होते, की नर आणि मादी मिळून घरटे बांधतात व सुखाने संसार करतात. प्रत्यक्षात निराळेच दिसले. घरटे बांधतो तो नर. ते अर्धे झाले, की माद्यांची टोळी येते. मादी आत शिरून घरटे तपासते. पसंत पडले, तर ती तेथे राहते आणि नर उरलेले काम पुरे करतो. नापसंत ठरले, तर ते तसेच लोंबत राहते. मादीने अंडी घातली, की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. सुगरण हे नाव मादीला शोभेसे असले, तरी विणकामाचे सारे कसब नराचे! सलीम अलींनी हे सारे लिहून प्रसिद्ध केले आणि पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती, तर हा शोध लागला असता का, कोण जाणे.

तरीही पोटापाण्याचा प्रश्न होताच. त्यांनी एक युक्ती काढली. आपल्या देशातील संस्थानांमध्ये कोणते पक्षी आहेत, याची पाहणी तेव्हा नीट झालेली नव्हती. त्यांनी संस्थानांना कळवले, की मी पगार घेणार नाही. फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानाने होकार दिला. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. आपला बीड जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. बैलगाडीत तंबू आणि सामान टाकून सलीम अली आणि तहमीना हिंडत. विलायतेत वाढलेल्या तहमीना रानातल्या हालअपेष्टांना कधी कंटाळल्या नाहीत. पुढे त्रावणकोर, कोचीन अशा अनेक भागांत दोघे गेले. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना वारल्या. तो घाव सलीम अलींना फार लागला. त्यानंतर ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. सामान्य माणसालाही चित्र पाहून पक्षी ओळखता यावा, असे ते होते. पुढे अमेरिकन मित्र रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. सलीम अलींनी बंदूक कायमची टाकून दिली नव्हती. अभ्यासाच्या नमुन्यांसाठी ते पक्षी मारत. तेव्हाचे सगळेच शास्त्रज्ञ तसे करीत. पण वर्षानुवर्षे हिंडून त्यांच्या ध्यानात आले, की पक्ष्यांचा खरा घात बंदुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने होतो. तळे आटवले, जंगल तोडले, माळ नांगरला, की तेथील पक्षी गोळी न झाडताही संपतात. १९४५ साली कच्छच्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत पाहिली. उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाचे बुटके बुरूज उभे होते आणि त्यांवर लाखो पक्षी नांदत होते. भोवतालचे पाणी आणि चिखल हीच त्यांची तटबंदी होती. ओसाड दिसणारी ती जमीन नसती, तर ते पक्षी कुठे गेले असते?

राजस्थानातील भरतपूरला अशीच एक पाणथळ जागा आहे. तेथील राजांनी ती बदकांच्या शिकारीसाठी राखली होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की तो सलीम अलींचा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या लोकांनी मागणी केली, की हे तळे आटवून आम्हांला शेतीला जमीन द्या आणि पाणीही द्या. मागणी चुकीची म्हणता येणार नाही. त्यांनाही पोट होते. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंकडे खटपट केली आणि तळे वाचवले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याची जागतिक वारसा स्थळांत नोंद झाली.

पण भरतपूरची कहाणी येथे संपत नाही. आत चरणाऱ्या म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, असे सलीम अलींचे व इतर जाणकारांचे मत होते. १९८२ साली चराई बंद झाली. गावकरी संतापले. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही माणसे मृत्युमुखी पडली. पुढे काय झाले? म्हशी थांबल्यावर गवत माजले. उथळ पाणी गवताने भरून गेले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. त्यांची संख्या घटू लागली. हे सांगितले ते सलीम अलींच्या सोसायटीतल्याच शास्त्रज्ञांनी, पुष्कळ वर्षे मोजदाद करून. तोवर सलीम अली हयात नव्हते. सुगरणीच्या घरट्याबद्दल लोकांचा समज चुकीचा होता, तसा म्हशींबद्दल पक्षितज्ज्ञांचा अंदाज चुकला. दोन्ही वेळा खरे काय ते, तेथे बसून पाहिल्यावरच कळले.

केरळातील सायलेंट व्हॅली नावाचे जंगल धरणाखाली बुडणार होते, तेव्हा ते वाचवण्यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. धरणाचा बेत रद्द झाला आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. माळढोक पक्ष्यासाठी मात्र त्यांचा जीव विशेष तुटत असे. आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्या गवताळ माळावर राहणारा हा मोठा पक्षी. त्याला राष्ट्रीय पक्षी करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक क्वचितच दिसतो. मोराला रान मिळते, शेत मिळते, माणसाचा शेजारही चालतो; बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या नायगावला मोरांचे अभयारण्यही आहे. माळढोकाला मोकळा माळच लागतो आणि माळाला आपण पडीक म्हणतो.

१९७६ साली सरकारने सलीम अलींना पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी त्यांना एक मोठा परदेशी पुरस्कारही मिळाला. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी सोसायटीला देऊन टाकली. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, दिल्ली दरवाजाजवळ एक जुना तलाव आहे. त्याला खिजरी तलाव म्हणत. आता त्याचे नाव सलीम अली सरोवर आहे. आपल्या भागातून सहज जाता येईल, असे हे त्यांच्या नावाचे ठिकाण.

दुसरे जरा लांब, गोव्यात आहे. पणजीजवळ मांडवी नदीत चोडण नावाचे बेट आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जातात. बेटाच्या पश्चिम टोकाला दोन चौरस किलोमीटरहूनही कमी असा दलदलीचा पट्टा आहे. तेथे पीक येत नाही, घर बांधता येत नाही. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी नदीतून आत शिरते आणि जमीन झाकून टाकते. त्या चिखलात खारफुटीची झाडे मुळे रोवून उभी आहेत. ती काठाची माती धरून ठेवतात, लाटांचा जोर अडवतात आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यात माशांची पिले वाढतात. १९८८ साली, सलीम अलींच्या मृत्यूनंतर वर्षभराने, हा पट्टा पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आला आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. भरती असली, की खाडीतून होडी आत जाते. ओहोटी लागली, की चिखल उघडा पडतो आणि बगळे, खंड्या, तुतवार खाली उतरून आपले भक्ष्य शोधू लागतात.