सावित्रीबाई फुले : निराश्रित लेकरांचा आसरा

सावित्रीबाईंचे चरित्र आपल्या जयंतीच्या भाषणांत बहुधा भिडेवाड्याची शाळा आणि अंगावर झेललेले शेण येथेच थांबते. त्यापुढील अर्धशतक अनुल्लेखित राहते.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई विवाहानंतर जोतीरावांकडून अक्षरे शिकल्या आणि १८४८ मध्ये शिक्षिका झाल्या. बेघरपण त्यांनी स्वतः अनुभवले होते. शाळेच्या कामापायी पुढच्याच वर्षी उभयतांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला.

पुढे त्यांचे घरच इतरांचे आश्रयस्थान झाले. १८६३ मध्ये तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली; काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या यशवंतास दत्तक घेऊन डॉक्टर केले. परगावचे विद्यार्थीही त्याच घरी राहून शिकत. आपल्यासारख्या निवासी शाळांचे मूळ मी त्या घरात पाहतो.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची गावे ओस पडू लागली. (दरवर्षी ऊसतोडीला निघालेल्या गाड्या पाहणाऱ्या बीडकरांस ते दृश्य समजावून सांगावे लागणार नाही, आपल्या वर्गांतील कित्येकांचे आईवडील आजही फडावर असतात.) भुकेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी झाडपाला खाणारी माणसे, गाव सोडणारी कुटुंबे आणि मदतकार्यात आलेले अडथळे यांची हकीकत कळवली आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा त्या थेट कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या, त्यांना सोडवले आणि वर चार गाड्या ज्वारी देववली. हे शिक्षिकेचे काम नव्हे, असे त्यांना वाटले नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हे पत्र मला त्यांच्या कवितांहूनही मोलाचे वाटते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. डॉ. यशवंतांनी शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.