रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (जन्म : १७ जुलै १९११, मुंबई, मृत्यू : २० नोव्हेंबर १९७४) हे भारतीय हृदयरोगतज्ज्ञ होते. उच्च रक्तदाबावर सर्पगंधा ही वनस्पती गुणकारी असल्याचे त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाच्या निदर्शनास आणले. पुढे याच वनस्पतीमुळे मेंदूतील रसायनांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली.

शिक्षण व संशोधन

पारशी कुटुंबात जन्मलेल्या वकील यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केले. सर्पगंधेचे मूळ निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार वापरले जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली त्याचे गुण नोंदवले होते. परंतु परदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. वकील यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

मेंदूच्या रसायनांशी संबंध

रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येई, तर काहींच्या हालचाली कंपवाताप्रमाणे मंदावत. या औषधाने चेतापेशींतील सेरोटोनिन, डोपामिन इत्यादी संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता होतो, असे आढळले. आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यानंतर कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता असल्याचे सिद्ध झाले.

हाच विचार अल्झायमर रोगालाही लावला गेला. स्मृतीशी निगडित ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर या रुग्णांच्या मेंदूत घटलेले असते, असे १९७६ च्या सुमारास दिसून आले. मात्र ही उणीव म्हणजे रोगाचे संपूर्ण कारण नव्हे. ॲमिलॉइड व टाऊ या प्रथिनांचे साचणेही त्यात महत्त्वाचे मानले जाते. त्यामुळे ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारी औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, रोग थांबवत नाहीत. वकील यांचे स्वतःचे संशोधन रक्तदाबापुरते होते; मेंदूविषयीचे हे शोध इतरांचे आहेत.

सन्मान

वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार व १९५८ साली पद्मभूषण मिळाले. दुष्परिणामांमुळे आणि नव्या औषधांमुळे रिसर्पिनचा वापर आज फार कमी झाला आहे.