प्रो. गज्जर यांचे चरित्र आणि आमच्या प्रयोगशाळा

प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम जवळ आला, की आमच्या या नव्या मुंबईत एक चमत्कारिक देवघेव सुरू होते. गतवर्षीच्या रसायनशास्त्राच्या वह्या या हातातून त्या हातात जाऊ लागतात. आणि ज्या विद्यार्थ्याने ब्युरेटची तोटी एकदाही फिरविली नाही, त्याच्या वहीत आम्लाचे माप दशांशापर्यंत बिनचूक उतरते. सर्वच शाळांत असे घडते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या ठिकाणी घडते तेथे त्याची कोणास लाज वाटत नाही, हे आम्ही पाहिले आहे. न्यायाच्या कोर्टात ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य धरीत नाहीत. मग जे शास्त्र केवळ प्रत्यक्षावर उभे आहे त्याच्या परीक्षेत उसना पुरावा चालावा, हे आश्चर्य नव्हे काय? ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने १९६० नंतर रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली, व तिच्या आसऱ्याने हजारो कुटुंबे येथे पोसली गेली. अशा गावच्या मुलांनी तरी हे शास्त्र हाताने शिकावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. म्हणून, ज्या पुरुषाने हाच विषय आपल्या आयुष्याचा ध्यास केला, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेस झाला. घराणे सुतारकीचे, म्हणजे माप चुकले तर लाकूड वाया जाते, हे ज्ञान त्यांस पुस्तकापूर्वीच मिळाले होते. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे अध्ययन केले. त्या काळी पदवीधराची दृष्टी सरकारी नोकरीपलीकडे सहसा जात नसे. गज्जर मात्र बडोदे कॉलेजात रसायनाचे अध्यापक झाले, आणि तेथे त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. आमचा रंगारी पिढ्यानपिढ्या कापड रंगवितो; पण रंग का धरतो व तुरटी का लागते हे त्यास ठाऊक नसते. उलट आमच्या पदवीधरास ते कारण ठाऊक असते. पण त्याने हंड्यात हात कधी घातलेला नसतो. ही दोन माणसे एका खोलीत कशी आणावी?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कलाभवन. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास ही संस्था निघाली व गज्जर तिचे पहिले मुख्याध्यापक झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय तेथे शिकविले जात, आणि ते देशी भाषेतून. पारिभाषिक शब्द नाहीत म्हणून शिकविता येत नाही, ही सबब त्यांनी ऐकून घेतली नाही. त्यांनी शब्द जमविले, पुस्तके लिहवून घेतली, रंगाऱ्यांसाठी रंगरहस्य नावाचे नियतकालिक काढले. आमचे त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढे आणला, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक आक्षेप घेता येईल. जर्मनीने १८६९ पासून मंजिष्ठेचा रंग व १८९७ पासून नीळ कारखान्यात बनवून आमच्या शेतकऱ्याचे पीक बाजारातून उठविले. आणि तेच विलायती रंग वापरण्याची विद्या गज्जरांनी शिकविली, तर त्यात स्वदेशी कोठे राहिली? आक्षेप पोकळ नाही. पण आमच्या मते ज्या विद्येने आपला पराभव केला ती शिकल्यावाचून पराभवाचे निवारण होत नाही. रंग वापरणारा आज शिकला तर रंग करणारा उद्या निघतो. न शिकणाऱ्याच्या हाती केवळ शिव्याशाप उरतात.

१८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास रात्रीच्या वेळी डांबर फासले गेले. हे कृत्य दामोदर हरी चाफेकरांचे होते, हे पुढे उघड झाले. डांबर काढण्याचे इतर प्रयत्न फसले, तेव्हा गज्जरांनी ते काम हाती घेतले व पुतळा पूर्ववत केला. चाफेकरांस १८९८ साली फाशी झाली; त्यांची आठवण ज्यांस पूज्य आहे, त्यांस गज्जरांचे हे काम रुचणार नाही. आम्हासही ते वाचताना क्षणभर अडखळल्यासारखे होते. तथापि रसायनाच्या दृष्टीने ते काम किती अवघड होते हे पाहण्याजोगे आहे.

संगमरवर हा चुनखडीचाच भाऊ. त्यावर तीव्र आम्ल ओतले तर फेस येतो व दगडच विरघळू लागतो. किती विरघळतो हे सांगता येते: १०० तोळे शुद्ध संगमरवरास पाणी वगळून निव्वळ ७३ तोळे हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, त्यातून १११ तोळे कॅल्शियम क्लोराइड, १८ तोळे पाणी व ४४ तोळे कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. जमेस १७३, खर्चासही १७३. आमच्या व्यापारी वाचकांस याहून अधिक समजावणे नको; निसर्गाच्या खतावणीत एक गुंजही गहाळ होत नाही. म्हणजे आम्ल ओतावे तर पुतळा जातो, खरवडावे तर चेहरा झिजतो, आणि डांबर तर दगडाच्या रंध्रांत मुरलेले. जो पदार्थाचा स्वभाव व प्रमाण दोन्ही जाणतो, त्यालाच येथे यश येते. राज्यकर्त्यांचे ज्ञान आपल्याहून मूळचेच श्रेष्ठ, हा त्या काळचा समज या यशाने सर्वांसमक्ष खोटा ठरला.

मिळालेल्या कीर्तीवर गज्जर स्वस्थ बसले नाहीत. १९०० च्या सुमारास त्यांनी मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली, व तेथे पदवीधर तरुणांकडून हाताने काम करून घेतले. काळवंडलेले मोती पुन्हा शुभ्र करण्याची रीत त्यांनी शोधली. जव्हेरी बाजाराने तिचे मोल ओळखले. प्लेगच्या दिवसांत आयोडिनच्या एका संयुगाचा औषध म्हणून उपयोग करण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. १९०७ साली अलेंबिकचा कारखाना निघाला, त्यात गज्जरांसमवेत त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन हे होते. गुरू गुजराती, शिष्यांपैकी एक मराठी व एक गुजराती, आणि कारखाना सर्वांचा; प्रांताभिमानाचे वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९२० साली गज्जर निवर्तले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग, जो आज माटुंग्यास स्वतंत्र संस्था म्हणून नांदत आहे, तो १९३३ साली निघाला. तो पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? पहिली गोष्ट, प्रयोग थोडे असले तरी चालतील, पण ते प्रत्येक मुलाने व मुलीने स्वतः करावे. आणि उत्तर चुकले तर चुकलेलेच वहीत लिहावे. चुकलेल्या आकड्याचे कारण शोधणे हेच खरे शिक्षण. उतरविलेला बरोबर आकडा म्हणजे खोटा दस्तऐवज. दुसरी गोष्ट, प्रमाणाचे हिशेब मुलांच्या भाषेत व बाजारातील चुना, सोडा, मीठ, तुरटी घेऊन शिकवावे. तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांस सांगावयाची आहे. उत्सवाच्या मंडपावर आपण जे सढळ हाताने खर्च करता, त्यातील अल्पसा भाग जवळच्या शाळेस एक चांगला तराजू व काही काचेची उपकरणे घेऊन देण्यात खर्च करा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी आता संगणकाच्या कचेऱ्या आल्या आहेत. उद्योग बदलतील, पण मोजून पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये ही सवय कोणत्याही उद्योगास उपयोगी पडेल. ती सवय सुताराच्या घरातून आलेल्या एका मनुष्याने दोन पिढ्यांस लाविली. आपल्या मुलांस ती लागावी असे वाटत असेल, तर येत्या परीक्षेपूर्वी पालकांनी मुलाची वही मागून घ्यावी, आणि त्यातील एक तरी प्रयोग तू स्वतः केलास काय, एवढे विचारावे.