डासाच्या मागे लागलेले डॉक्टर : कार्लोस फिन्ले



क्युबा हे अमेरिका खंडाजवळचं एक बेट आहे. ऊस आणि तंबाखू पिकवणारं. तिथे ३ डिसेंबर १८३३ रोजी कार्लोस फिन्ले यांचा जन्म झाला. वडील स्कॉटलंडचे डॉक्टर, आई फ्रेंच. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच फ्रान्सला पाठवलं. तिथे ते मोठ्या दुखण्यात सापडले. दुखणं बरं झालं, पण बोलताना अडखळायची खोड जन्मभर राहिली. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकून १८५५ साली ते डॉक्टर झाले आणि क्युबाची राजधानी हवाना इथे रोग्यांना तपासू लागले.

त्या काळी हवानात पिवळ्या तापाचा फार धाक होता. या तापात डोळे आणि अंग पिवळं पडायचं, काळी उलटी व्हायची आणि पुष्कळ माणसं आठवड्याभरात दगावायची. बाहेरगावाहून नवीन आलेले खलाशी आणि शिपाई तर पटापट मरत. लोकांना वाटे, हा रोग घाणीतून, दूषित हवेतून, नाहीतर रोग्याच्या अंथरुणा-पांघरुणातून येतो. म्हणून कपडे जाळत, बोटी बंदरात अडवून ठेवत. तरी ताप यायचाच.

फिन्ले यांनी वेगळा विचार केला. या तापात रक्त बाहेर पडतं, म्हणजे बिघाड रक्तवाहिनीत आहे. मग एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात रोग नेणारी सुई कोणती? ती सुई म्हणजे डास! त्यांनी हेही पाहिलं, की थंडीत आणि उंच डोंगरावर हा ताप नसतो, आणि एका जातीचा डासही तिथे नसतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, घराच्या आसऱ्याने राहणारा, दिवसा चावणारा. आपल्याकडे रांजणात, टिपाडात, टाकलेल्या टायरात ज्याच्या अळ्या वळवळतात, तोच हा डास बरं का! शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती. चावते फक्त मादी.

१४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विद्वानांच्या सभेत त्यांनी आपला निबंध वाचला. सभा गप्प बसली. कोणी काही विचारलं नाही. नंतर लोक त्यांना डासवाला डॉक्टर म्हणून हसू लागले.

हसणाऱ्यांनाही एक कारण मिळालं होतं. फिन्ले रोग्याला डास चावू देत आणि मग तोच डास राजीखुशीने तयार झालेल्या माणसाला चाववत. असे शंभरावर प्रयोग त्यांनी केले, पण पक्का पुरावा काही हाती येईना. खरी गोम पुढे कळली. डास रोगी झाला तरी लगेच रोग देत नाही. त्याच्या पोटात रोगबीज वाढून लाळेपर्यंत यायला दहा-बारा दिवस लागतात. फिन्ले मात्र दोन-चार दिवसांतच डास चाववत. विचार बरोबर, दिवस कमी पडले! तरी त्यांनी एकोणीस वर्षं हे काम सोडलं नाही. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

१९०० साली अमेरिकेच्या सैन्याने वॉल्टर रीड यांच्या हाताखाली चार डॉक्टरांचं मंडळ हवानाला पाठवलं. फिन्ले यांनी जपून ठेवलेली डासांची अंडी त्यांच्या हवाली केली. ना हेवा, ना लपवाछपवी. त्या अंड्यांतून वाढवलेल्या डासांवर प्रयोग सुरू झाले. मंडळातले जेसी लेझियर यांना ताप भरला आणि २५ सप्टेंबर १९०० रोजी ते वारले. वय अवघं ३४. मग दोन खोल्या बांधल्या. एकीत रोग्यांचे घाणेरडे कपडे ठेवले. त्यांत माणसं वीस रात्री झोपली, कोणालाच काही झालं नाही. दुसरी खोली स्वच्छ होती, पण तिच्यात डास सोडले. तिथे ताप आला! आणखी काही पुरावा हवा होता का?

१९०१ मध्ये गोर्गस नावाच्या लष्करी डॉक्टरांनी घरोघर माणसं पाठवली. पाण्याची पिंपं झाकली, साठलेल्या पाण्यावर तेल ओतलं. शंभर वर्षांहून जास्त काळ ठाण मांडून बसलेला ताप काही महिन्यांत हवानातून गेला. १९०२ मध्ये फिन्ले क्युबाचे मुख्य आरोग्य अधिकारी झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचं नाव सात वेळा सुचवलं गेलं, पण ते मिळालं नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ते हवानातच वारले.

या तापाचा विषाणू १९२७ मध्ये वेगळा काढता आला आणि १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी चांगली लस तयार केली. पिवळा ताप आपल्या देशात पसरलेला नाही, पण डास तोच आहे आणि तो आपल्याला डेंग्यू आणि चिकुनगुन्या देतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला, तरी दुसऱ्या प्रकाराचा होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळचा कधीकधी जास्त जड जातो. म्हणून तापाच्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने तपासून कोणता प्रकार फिरतो आहे यावर नजर ठेवावी लागते. पुण्यात १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे काम करते. तिथे डाससुद्धा पाळतात.