एर्नेस्त रनाँ

एर्नेस्त रनाँ (२८ फेब्रुवारी १८२३ – २ ऑक्टोबर १८९२) हे फ्रेंच प्राच्यविद्यापंडित, इतिहासकार व विचारवंत होते. येशूचे चरित्रकार म्हणून ते विशेष प्रसिद्ध असले, तरी प्राचीन फिनिशियाचे पद्धतशीर पुरातत्त्वीय सर्वेक्षण करणारे आद्य संशोधक म्हणूनही त्यांचे महत्त्व मोठे आहे.

पूर्वायुष्य

रनाँ यांचा जन्म ब्रिटनी प्रांतातील त्रेगिए या गावी एका दर्यावर्दी कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. बारा वर्षांनी मोठी असलेली बहीण आंरिएत हिने घराचा भार उचलला. धर्मगुरू होण्यासाठी शिक्षण घेत असताना हिब्रू भाषा व बायबलची चिकित्सा यांच्या अभ्यासामुळे त्यांची श्रद्धा डळमळीत झाली आणि १८४५ मध्ये त्यांनी सेमिनरी सोडली. त्या काळात आंरिएतने आपल्या बचतीतून त्यांना आधार दिला. १८५६ मध्ये ते फ्रान्सच्या शिलालेख अकादमीचे सदस्य झाले.

फिनिशियाची मोहीम

१८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ भागात ड्रूझ व मॅरोनाइट समाजांत भीषण हिंसाचार झाला. तिसऱ्या नेपोलियनने तेथे सैन्य धाडले व त्यासोबत पुरातत्त्वीय संशोधनाचे काम रनाँ यांच्याकडे सोपवले. आंरिएत त्यांची लेखनिक म्हणून सोबत गेली. सैनिकांच्या मदतीने त्यांनी अम्रित, बिब्लोस, सिडॉन व टायर या परिसरांत उत्खनन केले. मोठ्या शहरांचे प्राचीन अवशेष नंतरच्या वस्त्यांखाली दबलेले होते आणि जुने दगड नव्या बांधकामांत वापरले गेले होते. त्यामुळे शहरांमागील ग्रामीण मुलूख त्यांच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला.

टायरच्या दक्षिणेस असलेल्या उम्म अल-अवामिद या वस्तीत त्यांना फिनिशियन लेख सापडले. त्यांपैकी इ.स.पू. १३२ मधील लेखात अब्देलिम नावाच्या व्यक्तीने बाल-शामेम या देवतेस द्वार अर्पण केल्याची नोंद आहे. त्यात सेल्युसिड शकाबरोबर टायरच्या नागरिकांचा शकही दिला आहे. टायरचा प्रभाव नगरसीमेबाहेरील वस्त्यांपर्यंत पोहोचल्याचे त्यावरून दिसते. बिब्लोसच्या वरील डोंगरांत त्यांनी रोमन सम्राट हेड्रियन याच्या काळातील अनेक शिलालेख नोंदवले. खडकांवर कोरलेल्या या लेखांनुसार चार जातींचे वृक्ष सम्राटासाठी राखीव होते आणि इतर वृक्ष खासगी वापरास मोकळे होते. तेलाचे घाणे, हौद व खडकात कोरलेली थडगी यांचीही त्यांनी दखल घेतली.

सप्टेंबर १८६१ मध्ये बिब्लोसजवळील अम्शीत या गावी भाऊ-बहीण दोघेही तापाने आजारी पडले. रनाँ बेशुद्धावस्थेत असतानाच २४ सप्टेंबर रोजी आंरिएतचे निधन झाले. तिचे दफन त्याच गावात करण्यात आले.

उत्तरायुष्य

मोहिमेचा वृत्तांत १८६४ ते १८७४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाला. १८६२ मध्ये कोलेज द फ्रान्समधील हिब्रूच्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी येशूला अतुलनीय मानव म्हटल्यामुळे मोठा वाद उसळला आणि त्यांचे अध्यापन थांबवण्यात आले. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेले येशूचे चरित्र त्यांनी आंरिएतच्या स्मृतीस अर्पण केले. १८७० मध्ये त्यांना अध्यासन परत मिळाले. सेमिटिक शिलालेखांच्या बृहत्संग्रहाचे कार्य त्यांच्या प्रेरणेने सुरू झाले. त्याचा पहिला भाग १८८१ मध्ये निघाला. १८८२ मधील राष्ट्रसंकल्पनेवरील त्यांचे व्याख्यान आजही अभ्यासले जाते.

मूल्यमापन

सेमिटिक लोकांविषयी रनाँ यांनी मांडलेली वांशिक मते आज अमान्य आहेत. एडवर्ड सईद यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली आहे. ही मोहीम लष्करी हस्तक्षेपाच्या आश्रयाने झाली आणि तीत मिळालेल्या अनेक वस्तू पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेल्या, हेही विसरता येत नाही. तथापि त्यांच्या नोंदी पुढील संशोधनाचा आधार ठरल्या. उम्म अल-अवामिद येथे मोरिस द्युनाँ यांनी विसाव्या शतकात पुन्हा उत्खनन केले. बंदरांच्या वैभवामागे शेती, जंगले व खेडी उभी होती, या जाणिवेच्या प्रारंभीच्या खुणा रनाँ यांच्या वृत्तांतात आढळतात.