अहिल्याबाईंचे घाट

अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पुणतांबे नावाचे प्राचीन क्षेत्र आहे. योगी चांगदेवांची समाधी येथेच आहे. पर्वकाळी गावोगावचे यात्रेकरू दगडी घाटांच्या पायऱ्या उतरून येथे स्नान करतात. या घाटांपैकी एक अहिल्याबाई होळकरांनी बांधविला.

अहिल्याबाई याच जिल्ह्याच्या कन्या. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी, १७२५ साली त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी बालवयातच त्यांचा विवाह झाला. परंतु १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी मोठ्या कष्टाने त्यांचे मन वळविले. पुढे १७६६ साली मल्हारराव निवर्तले आणि १७६७ साली एकुलता एक पुत्र मालेरावही गेला.

एवढ्या दुःखाने कोणीही खचून गेले असते. अहिल्याबाईंनी मात्र राज्याचा भार उचलला. नर्मदातीरी महेश्वर येथे राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे न्यायाने कारभार केला.

त्या काळी तीर्थयात्रा फार खडतर असे. वाटेत निवारा व पाणी मिळेलच असा भरवसा नसे. नदीवर पोहोचल्यावरही संकट टळत नसे. पावसाळ्यात काठ खचत व चिखलात पाय घसरत. उन्हाळ्यात पाणी आटून खोल जाई. म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्नान म्हणजे जिवावरचे धाडस वाटे. घाटामुळे ही अडचण दूर होते. दगडी बांधणीमुळे काठ ढासळत नाही, आणि पायऱ्या खोलवर गेलेल्या असल्याने पाणी चढो वा उतरो, पाय टेकण्यास पायरी मिळते.

म्हणून अहिल्याबाईंनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. महेश्वरचे व काशीचे त्यांचे घाट प्रसिद्ध आहेत. काशीविश्वेश्वराचे मंदिरही त्यांनीच पुन्हा उभारले. ही कामे केवळ स्वतःच्या राज्यापुरती नव्हती. जेथे यात्रेकरू जात, तेथे त्यांची दृष्टी पोहोचे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्या जन्मजिल्ह्याला त्यांचे नाव देण्यात आले. स्वतःच्या वाट्याला आलेले दुःख त्यांनी गिळले आणि परक्यांची वाट सुकर केली. त्यांचे नावही ठाऊक नसलेला यात्रेकरू आज त्यांच्या पायरीवर निर्धास्तपणे पाऊल ठेवतो.